चक्कर, नाडी आणि घड्याळातला आकडा

डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची तीन बोटे ठेवा. नाडी लागली की सावकाश, पाच सेकंद मोजत खोल श्वास घ्या आणि तेवढ्याच सावकाश सोडा. असे चार-पाच वेळा केले की, विशेषतः वय तिशीच्या आत असेल तर, बोटांखाली एक गोष्ट जाणवेल. श्वास घेताना ठोके जवळजवळ येतात आणि सोडताना लांब जातात. पहिल्यांदा जाणवले की माणूस दचकतो. आमच्या ओपीडीत अधूनमधून एखादा तरुण ‘ठोके अनियमित आहेत’ अशी चिठ्ठी घेऊन घाबरून येतो. ईसीजी काढला तर बऱ्याचदा निघते ते हेच, आणि हा आजार नव्हे. निरोगी हृदय भिंतीवरच्या घड्याळासारखे टिकटिक करत नाही. मिनिटाला ७५ ठोके म्हणजे दर दोन ठोक्यांत बरोबर ८०० मिलिसेकंदांचे अंतर, असे कधीच नसते. एक अंतर ७६० चे, पुढचे ८३० चे, त्यापुढचे ७९० चे. या कमीजास्तपणाला ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’, थोडक्यात एचआरव्ही, म्हणतात.

हा शब्द आता मनगटी घड्याळांनी घरोघरी नेला आहे. सकाळी उठल्यावर घड्याळ एक आकडा दाखवते आणि माणसे तो शेअरच्या भावासारखा रोज बघतात. ज्यांना वरचेवर भोवळ येऊन पडायला होते, ती माणसे तर जास्तच. ‘डॉक्टर, माझा एचआरव्ही २४ आहे, म्हणून मला चक्कर येते का?’ हा प्रश्न हल्ली नेहमीचा झाला आहे. उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असेच असते. मात्र का नाही, हे समजावायला जेवढा वेळ लागतो तेवढा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मिळत नाही.

आधी हा कमीजास्तपणा येतो कुठून ते पाहू. हृदयाला स्वतःची ठेका देणारी गाठ असते, तिला सायनस नोड म्हणतात. तिला कोणी हात लावला नाही तर ती मिनिटाला सुमारे शंभर ठोके देत राहील. पण बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातात जसा कासराही असतो आणि चाबूकही, तशा मेंदूकडून हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा येतात. व्हेगस ही कासरा खेचणारी नस, ठोके मंद करणारी. सिंपथेटिक नसा चाबकाचे काम करतात. दोघींच्या कामाची तऱ्हा वेगळी आहे. व्हेगसचा परिणाम लगेच, पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो आणि तसाच लगेच ओसरतो. सिंपथेटिकचा परिणाम उमटायला काही सेकंद लागतात. म्हणून श्वासागणिक होणारे झटपट चढउतार ही व्हेगसची सही समजली जाते. सुमारे दहा-दहा सेकंदांनी येणाऱ्या संथ लाटा रक्तदाब सांभाळण्याच्या खटपटीतून येतात आणि त्यांत दोन्ही नसांचा हात असतो. हा ‘दोन्ही’ शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्वास आणि नाडी यांचे हे नाते जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये यंत्रावर नोंदवले. त्याचा रुग्णासाठी उपयोग मात्र शंभरावर वर्षांनी झाला, तोही प्रसूतिगृहात. १९६५ मध्ये हॉन आणि ली या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवले, की पोटातले बाळ गुदमरू लागले की त्याच्या ठोक्यांची गती बिघडण्याआधीच ठोक्यांमधला बारीक चढउतार नाहीसा होतो. आज कोणत्याही मोठ्या प्रसूतिगृहातल्या अनुभवी परिचारिकेला विचारा. बाळाच्या ठोक्यांची रेघ सपाट झालेली तिला आवडत नाही, ती थोडी थरथरती हवी असते. १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या चोवीस तासांच्या नोंदी तपासल्या. ठोक्यांमधला फरक एका मापाने ५० मिलिसेकंदांहून कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका, तो १०० हून जास्त असलेल्यांच्या पाचपट निघाला. तेव्हापासून एचआरव्हीला प्रतिष्ठा आली. १९९६ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मोजमापाची सामाईक पद्धत ठरवून दिली.

आता भोवळीकडे येऊ. आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोट यांच्या शिरांत उतरते. मानेतल्या रोहिणीत आणि छातीतल्या महारोहिणीत रक्तदाबावर पहारा करणारी केंद्रे आहेत. ती लगेच वर्दी देतात, कासरा सैल सुटतो, चाबूक उगारला जातो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदूचा रक्तपुरवठा चालू राहतो. हे दिवसातून पन्नास वेळा होते आणि आपल्या गावीही नसते. पण काही जणांत, बराच वेळ उभे राहिल्यावर, उकाड्यात, उपाशीपोटी, रक्त बघून, सुई टोचल्यावर किंवा तीव्र वेदनेने हा सारा कारभार एकाएकी उलटतो. चाबूक हातातून गळतो, कासरा करकचून खेचला जातो. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो. मेंदूला सहा ते आठ सेकंद पुरेसे रक्त मिळाले नाही की शुद्ध जाते. ब्रिटिश डॉक्टर सर थॉमस लुइस यांनी १९३२ मध्ये या प्रकाराला ‘व्हॅसोव्हेगल’ हे नाव दिले. ‘व्हॅसो’ म्हणजे रक्तवाहिन्या आणि ‘व्हेगल’ म्हणजे व्हेगस नस. लुइस यांनी एक महत्त्वाची गोष्टही नोंदवली. अॅट्रोपिन देऊन नाडी वाढवली तरी रक्तदाब खालीच राहतो आणि माणूस शुद्धीवर येत नाही. म्हणजे एकटी व्हेगस दोषी नाही.

तरीही विचार साहजिक होता. भोवळीत व्हेगसचा हात आहे आणि एचआरव्हीत व्हेगसची सही दिसते, तर भोवळ येणाऱ्या माणसाची सही इतरांहून वेगळी असायला हवी, नाही का? मग सुई, रक्त, नळ्या यांवाचून, नुसत्या ईसीजीवरून ओळखता येईल की कोण पडणार. १९८६ मध्ये लंडनमध्ये केनी आणि सहकाऱ्यांनी टिल्ट टेबलची तपासणी रुग्णांसाठी वापरली. माणसाला पट्ट्यांनी बांधून ६० ते ७० अंशांत उभे करायचे आणि नाडी-रक्तदाब पाहत वाट बघायची, असा हा प्रकार. भोवळ डोळ्यांदेखत, यंत्रे लावलेली असताना घडवता येऊ लागली. पुढच्या वीसेक वर्षांत ठोक्यांच्या नोंदी या तपासणीला जोडून कितीतरी अभ्यास झाले.

निकाल मात्र एकमेकांशी भांडणारे आले. पडण्याच्या आधीच्या मिनिटांत चाबकाचा जोर वाढलेला काहींना दिसला, काहींना तो वाढायलाच कमी पडलेला दिसला. काहींच्या मते व्हेगस उभे राहिल्यावर पुरेशी माघार घेत नाही, तर काहींच्या मते ती नीट माघार घेते आणि मग अचानक परत येते. आडवे पडून शांतपणे घेतलेल्या नोंदीत तर भोवळ येणारे आणि न येणारे यांच्यात असा फरकच सापडला नाही, ज्याच्या भरवशावर एखाद्या रुग्णाला काही सांगता येईल. मला यात नवल वाटत नाही. व्हॅसोव्हेगल भोवळ येणाऱ्या माणसाच्या नसा बिघडलेल्या नसतात. वर्षातले ३६४ दिवस त्या चोख काम करतात. बिघाड असतो तो दोन-तीन मिनिटांचा, एका विशिष्ट प्रसंगातला. लग्न नसताना कार्यालयाचा फोटो काढून पंगतीला किती पाने उठली हे सांगता येईल का?

दुसरी अडचण मोजमापाची. एचआरव्हीचे गणित पाच-पाच मिनिटांच्या, स्थिर स्थितीतल्या नोंदीवर बेतलेले असते. भोवळ येताना स्थिर असे काहीच नसते. श्वाससुद्धा बदलतो, खोल होतो, जांभया येतात. श्वास बदलला की आकडा बदलतो, मग नसांनी काही केलेले असो वा नसो.

याच सुमारास हृदय बदललेल्या रुग्णांनी एक वेगळाच पुरावा दिला. प्रत्यारोपणात नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. त्यामुळे सुरुवातीला त्याची गती जवळजवळ एकसुरी असते, एचआरव्ही नगण्य. कासराही नाही, चाबूकही नाही. अशा काही रुग्णांनाही व्हॅसोव्हेगल प्रकारची भोवळ आल्याच्या नोंदी आहेत. रक्तवाहिन्या सैलावल्या एवढे पडायला पुरले. म्हणजे जे नाट्य मुख्यतः पायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्यांत घडते, ते आपण हृदयाच्या ठोक्यांवरून वाचू पाहत होतो. व्हेगस निर्दोष आहे असेही नाही. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये हृदयाकडून मेंदूकडे वर्दी नेणाऱ्या व्हेगसच्या तंतूंचा एक ठरावीक गट शोधला. तो प्रकाशाने चेतवताच उंदीर भोवळ येऊन पडत. व्हेगस दोन्ही दिशांना बोलते, हे आपण विसरतो. एचआरव्हीत ऐकू येते ते तिचे खाली हृदयाला सांगणे. हे तंतू करतात ते हृदयाचे गाऱ्हाणे वर नेण्याचे काम.

हे सगळे संशोधनापुरते राहिले असते तर वर्तमानपत्रात लिहायचे कारण नव्हते. पण मध्यंतरी एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलाची रंगीत फाइल घेऊन आल्या. बोटाला चिमटा लावून पाच मिनिटांत केलेली तपासणी, वर भलामोठा गोल, अर्धा लाल, अर्धा निळा. ‘सिंपथेटिक ७२ टक्के, पॅरासिंपथेटिक २८ टक्के, नसांचा तोल ढळलेला.’ सोबत तीन महिन्यांची औषधे आणि पुन्हा तपासणीची तारीख. मुलगा रक्तदान शिबिरात एकदा चक्कर येऊन पडला होता, एवढाच इतिहास. सकाळी काही न खाता गेला होता. संथ लाटांना झटपट लाटांनी भागून काढलेला हा ‘तोल’ किती कच्चा आहे, हे अमेरिकेतल्या ड्वेन एकबर्ग यांनी १९९७ मध्येच सविस्तर लिहिले आहे. ज्या संथ लाटांत दोन्ही नसांचा हात, त्या एकटीच्या नावावर कशा लावायच्या? पण गोल आकृती सुंदर दिसते आणि शंभर टक्क्यांची वाटणी लोकांना पटते.

त्याहून गंभीर भाग पुढचा आहे. एचआरव्हीचे गणित ठोका सायनस नोडमधूनच निघाला आहे असे धरून चालते. ज्याला एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे ज्याचे ठोके मुळातच अस्ताव्यस्त पडतात, किंवा ज्याला मध्येमध्ये जादाचे ठोके येतात, त्याची एचआरव्ही भरघोस येऊ शकते. घड्याळ समजते की माणूस ठणठणीत. सत्तरीच्या एका आजोबांचा आकडा त्यांच्या नातवापेक्षा जास्त येत होता आणि घरात त्याचे कौतुक चालले होते. वयाबरोबर एचआरव्ही कमी होत जाते, हा साधा नियम माहीत असता तर तो आकडाच धोक्याची खूण वाटली असती. आजोबा दोनदा काही कळायच्या आत पडले होते, एकदा कपाळ फुटले होते. त्यांचे ठोके अस्ताव्यस्त तर होतेच, शिवाय मधूनच चार-चार सेकंद थांबत होते. पेसमेकर बसवल्यावर पडणे थांबले.

एचआरव्ही कुचकामी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जुन्या मधुमेहात स्वयंचलित नसा खरोखरच झिजतात, तेव्हा ती फार उपयोगी पडते. १९७० च्या दशकात एडिनबरात युइंग आणि क्लार्क यांनी त्यासाठी खाटेजवळ करता येतील अशा सोप्या चाचण्या बसवल्या. मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावायचे आणि ईसीजीवर सर्वांत जलद व सर्वांत मंद गतीतला फरक मोजायचा. फरक १५ ठोक्यांचा असला तर चांगले, १० पर्यंत घसरला तर नसा झिजल्याची शंका. वयाची सूट मात्र द्यावी लागते. लेखाच्या सुरुवातीला तुम्ही केलात तो याच चाचणीचा घरगुती नमुना. त्यावरून निदान करू नका, पण वीस वर्षांचा मधुमेह असलेला रुग्ण उठताना गरगरते म्हणाला तर आम्ही हेच बघतो. त्याहूनही सोपे म्हणजे आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब व नाडी मोजणे. वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती उभे राहण्याची भोवळ. त्या वेळी नाडी काय करते हे बघायचे. दाब ४० ने उतरला तर नाडी निदान २० ने चढायला हवी, असा ढोबळ हिशेब आहे. ती चार-पाचनेच चढली तर नसा दमल्या आहेत. चांगली चढली तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी असेल, नाहीतर एखादे औषध. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी दिलेली काही औषधे इथे फार वेळा सापडतात. रात्री लघवीला उठलेले वडीलधारे मोरीत पडतात त्याच्या मागे पुष्कळदा हेच असते. घड्याळ हे सांगत नाही, कारण त्याला रक्तदाब दिसत नाही. रक्तदाब बसूनच तपासला गेला तर डॉक्टरलाही दिसणार नाही. ‘उभे करून बघता का?’ असे विचारायला रुग्णाने संकोचू नये.

बाकी भोवळीचे निदान आजही मुख्यतः गोष्ट ऐकून होते. पडलेल्या माणसाची आणि त्याला पडताना पाहणाऱ्याची. उभा होता, बसला होता की झोपला होता? आधी मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आवाज लांबून आल्यासारखे झाले का? चेहरा पांढराफटक पडला की निळा? शुद्धीवर आल्यावर लगेच माणसे ओळखली की बराच वेळ बावचळलेला होता? युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिली पायरी एवढीच आहे. नीट विचारपूस, उभे-आडवे रक्तदाबासह तपासणी आणि एक ईसीजी. हे तिन्ही तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते.

ही गोष्ट न ऐकल्याची किंमत मोठी असते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडणारी एक मुलगी आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षे फिटच्या गोळ्या खात होती. कुठल्याशा दवाखान्यात ‘हातपाय झटकले’ एवढ्यावर शिक्का बसला होता. १९९४ मध्ये जर्मनीत लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून त्याचे चित्रण केले. पूर्ण बेशुद्ध झालेल्या ४२ जणांपैकी ९० टक्क्यांचे हातपाय झटकले आणि बहुतेकांचे डोळे उघडे राहिले. म्हणजे झटके आले म्हणून ती मिरगी, असे नाही. भोवळीतले झटके काही सेकंदांचे, विस्कळीत आणि पडल्यानंतरचे असतात. या मुलीची सायकल बंद झाली होती, सहलीला पाठवत नव्हते. आईने सर्वांत शेवटी, दार लोटून घेऊन विचारले, ‘साहेब, सोयरिकीच्या वेळी सांगावं लागंल का?’ हिंदू विवाह कायद्यातला मिरगीचा अडसर १९९९ मध्ये निघाला, लोकांच्या मनातला निघायचा आहे. इथे तर मिरगीच नव्हती. गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. मुलगी अजूनही कधीमधी पडते, पण आता आधी खाली बसते.

काळजीचे प्रकार वेगळे आहेत. धावताना किंवा खेळताना पडणे. झोपलेल्या अवस्थेत शुद्ध जाणे. आधी छातीत जोरात धडधड किंवा दुखणे. कसलीच पूर्वसूचना नसणे. हृदयाचा आधीचा आजार, लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेली झडपसुद्धा. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे. यांतले एकही असेल तर ईसीजी त्याच दिवशी हवा आणि गरज पडली तर पुढच्या तपासण्याही. इथे मेंदूच्या स्कॅनपासून सुरुवात करणे म्हणजे विहिरीत पडलेले शोधायला माळ्यावर चढणे.

साध्या व्हॅसोव्हेगल भोवळीला बहुधा औषध लागत नाही. भरपूर पाणी, जेवण न चुकवणे आणि रक्तदाब, मूत्रपिंड व हृदय ठीक असेल तर थोडे जास्त मीठ. आणि एक युक्ती. डोळ्यांपुढे अंधारू लागताच उभ्याउभ्या पायाला पायाची अढी घालून मांड्या, कुल्ले, पोट आवळायचे, किंवा दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढायची. पायांत उतरलेले रक्त वर ढकलले जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२३ रुग्णांवरच्या चाचणीत ही युक्ती शिकवलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के पुन्हा पडले, न शिकवलेल्यांपैकी ५१ टक्के. फुकटच्या उपायाला एवढे यश पुष्कळ झाले. तेवढा अवधी मिळाला नाही तर लाज न बाळगता खाली बसावे, शक्य तर आडवे व्हावे, मग ते ध्वजवंदन असो वा मांडवातली रांग.

दुसरा कोणी पडला तर आपल्याकडे पहिली धाव कांद्याकडे किंवा चपलेकडे जाते, दुसरी तोंडात पाणी ओतण्याकडे, आणि चार जण मिळून त्याला उचलून खुर्चीत बसवतात. कांद्याने काही बिघडत नाही. बेशुद्धाच्या तोंडातले पाणी मात्र श्वासनलिकेत जाऊ शकते आणि खुर्चीत बसवल्याने मेंदूला रक्त मिळायला आणखी उशीर होतो. जमिनीवरच आडवे राहू द्यावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, पाय कोणाच्या तरी मांडीवर किंवा पिशवीवर उंच ठेवावेत. रंग सहसा मिनिटाभरात परततो. परतला नाही तर गाडी बोलवावी. परतला तरी दहा-पंधरा मिनिटे उठवू नये, कारण लगेच उभा केला तर तोच माणूस पुन्हा कोसळतो.